पटाची मोटार

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गडचिरोलीत घरोघरी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांच्या कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." माझे शेजारी डोमाजीभाऊ हा सगळा सोहळा मोटारीचा करत. गोठ्यातल्या बैलांचं गडी उरकून टाके. भाऊ मात्र धोतराचा सोगा खोचून मोटारीच्या दोन्ही मडगार्डांना तूप-हळद चोळत आणि पितळी भोंग्यापाशी तोंड नेऊन आवतण देत. भोंगा म्हणजे मोटारीचं तोंड, कान नव्हे, असं मी एकदा सुचवून पाहिलं. भाऊ म्हणाले, "मास्तर, तुमचे कान तोंडापासून किती दूर आहेत?"

मी तेव्हा इथल्या शाळेत मास्तर होतो आणि माझी खोली भाऊंच्या अंगणाला लागून होती. ही मोटार आलापल्लीच्या सागवनात शिकारीला येणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाची. देश सोडताना त्याने ती भाऊंच्या गळ्यात बांधली, असं गाव म्हणे. भाऊ म्हणत, साहेबाने कन्यादान केलं. कापडी हुडाची, उंच चाकांची ही कन्या चाले कमी आणि धापा टाके जास्त. महाशिवरात्रीला मात्र ती मार्कंड्याच्या जत्रेला निघेच. मागच्या सीटवर जादा टायर, पान्यांची पेटी आणि पाण्याचे डबे बसत. त्यामुळे भाऊंच्या पत्नी पार्वताबाई तांदूळ-भांडी घेऊन बैलगाडीनं येत. त्या पोचून, भात शिजवून, चूल विझवून बसल्या, की लांबून भोंगा ऐकू येई.

भाऊंची मोटारींबद्दलची मतं सबंध जिल्ह्याला तोंडपाठ होती, कारण ती त्यांनी सबंध जिल्ह्याला ऐकवली होती. बटण दाबून सुरू होणाऱ्या नव्या मोटारींवर त्यांचा भारी राग. "पहिले माणूस मोटारीपुढं वाके, दोन हातांनी हँडल मारे, तवा ती पावे. आता बसल्या बसल्या पायानं बटण दाबते. देवाले लाथेनं नमस्कार." नागपूरचं शिळं वर्तमानपत्र बसने आलं, की ते विलायतेतल्या मोटारींच्या शर्यती शोधत आणि निकाल वाचून निकालच फिरवत. शर्यतीचं त्यांचं माप एकच, आपला शंकरपट. बैलजोडी सुटली की बाणासारखी सरळ गेली पाहिजे. विलायतेतल्या मोटारी एकाच वाटेवर गोल गोल फिरतात, हे कळल्यावर तर त्यांनी त्या साऱ्या शर्यतींना मोडीतच काढलं. "गोल फिरते तो मळणीचा बैल, मास्तर. पटाचा बैल सिधा जाते."

हे सगळं ते अंगणात मोटार पुसता पुसता सांगत. त्याच वेळी पडवीत पार्वताबाई उखळात धान कांडत. आमच्या भागात भाताशिवाय जेवण नाही आणि कांडल्याशिवाय भात नाही. इकडे इटलीतली मोटार वळणावर उलटे, तिकडे मुसळाचा धप्प आवाज येई, आणि मला वाटे, बाई अगदी वेळेवर साथ देतात.

गावात लटारू नावाचा एक खटपट्या माणूस होता. त्याने कुठूनसं धान कांडायचं जुनं यंत्र आणलं होतं. ते फिरवायला इंजिन तेवढं नव्हतं. लटारूचा डोळा भाऊंच्या मोटारीवर. तो येई, चहा पिई, मोटारीची स्तुती करी आणि उठता उठता इंजिन मागे. तो गेल्यावर भाऊ मोटारीला ओल्या फडक्यानं पुसत, दृष्ट लागू नये म्हणून. एकदा लटारू म्हणाला की गावातल्या बाया दुवा देतील. भाऊ कडाडले, "पटाच्या बैलाले मळणीले जुंपू का?" पडवीतलं मुसळ क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

त्या वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास पार्वताबाईंना हिवताप आला. डॉक्टर झाले, वैद्य झाले. ताप उतरे आणि पुन्हा चढे. भाऊ उशाशी बसून राहिले. मोटारीवर धूळ बसली, वर्तमानपत्रं घडी न मोडता पडली. आणि एका सकाळी बाई गेल्या.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आपल्या पायांनी लटारूकडे गेले आणि इंजिन घेऊन जा म्हणाले. लटारूच घाबरला, दुःखात माणूस भलतंच बोलतो, म्हणून दोन दिवस आलाच नाही. मग भाऊंनी स्वतः पान्यांची पेटी उघडली. मी धावत अंगणात गेलो. म्हटलं, भाऊ, हे काय करता?

"इंजिन काढून राह्यलो," ते म्हणाले. त्यांनी एक बोल्ट सोडवून बाजूला ठेवला. मग मान वर न करता बोलले, "मास्तर, टायरवरून हात फिरवला का ते किती चाललं ते मी सांगतो. मोठा जाणकार. बुढीचा हात तापात हाती घेतला, तवा पाह्यलं. तळहात घट्ट्यांनी भरला होता. घासून गुळगुळीत झाले होते. म्या इचारलं, हे कशाचे? तर म्हणते, मुसळाचे, लग्नापासूनचे आहेत. म्या म्हटलं, इंजिन लटारूले देऊन टाकतो. तर म्हणते, नोका देऊ. तुमचा जीव आहे तिच्यात. बरी झाली का मी कांडीन."

पाना घसरला. त्यांनी तो उचलला आणि पुन्हा लावला.

गिरणी सुरू झाली. इंजिन सांभाळायला भाऊच बसू लागले. एका दुपारी मी तिकडे गेलो. इंजिनाचा कल्लोळ असा, की छपरावरची कौलं थरथरत होती. धानाच्या टोपल्या घेऊन बाया रांगेनं बसल्या होत्या. त्यांतली एक भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. तिची पाळी आली. भाऊंनी मागच्या बाईला खुणेनं थांबवलं, झोपलेलीच्या पुढ्यातली टोपली अलगद उचलली, धान यंत्रात ओतलं आणि तांदूळ भरून टोपली तिच्या पायाशी आणून ठेवली.

मला त्यांना एका नव्या शर्यतीची बातमी सांगायची होती. त्या गदारोळात मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, मास्तर," ते म्हणाले. "बाई निजली आहे."