दामल्यांची प्रदक्षिणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दामल्यांना मी एक खोटं सांगितलं, आणि त्यांनी ते प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं.

दामले म्हणजे फेल्डहोवनमधले आमचे शेजारी, निवृत्त इंजिनिअर. या सपाट देशात दर रविवारी संध्याकाळी ते घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन बांधकामावरच्या वाळूच्या ढिगासमोर बसतात. एकदा नगरपालिकेच्या माणसाने हटकलं, तर शांतपणे डचमध्ये म्हणाले, "इक ऊफन." सराव करतोय!

सराव उलुरूचा. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला तो प्रचंड तांबडा खडक, तिथल्या मूळ रहिवाशांचं देवस्थान. दामल्यांना त्याची घळ न् घळ पाठ. मी एकदा सहज त्या ढिगावर पाय ठेवला, तर केवढ्याने ओरडले, "उतरा खाली, बापटसाहेब! दुसऱ्याच्या देवाच्या डोक्यावर चढता?"

"अहो, वाळू आहे ही. उद्या कुणाच्या तरी पार्किंगखाली जाईल."

"उद्याचं उद्या. आज उतरा."

उतरलो.

निवृत्तीनंतर ते आणि सुनंदावहिनी मिळून तिथे जाणार होते. वहिनी त्याआधीच वारल्या. पुढे दामल्यांच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला. गेल्या जूनमध्ये भाचीच्या लग्नासाठी मी ऑस्ट्रेलियाला निघालो, तेव्हा दामले दारात येऊन उभे राहिले.

"काही आणू नका. खडासुद्धा उचलायचा नाही, तो त्यांचा आहे. फक्त आमच्या दोघांच्या नावाने एक प्रदक्षिणा घाला. पूर्ण."

प्रदक्षिणा दहा किलोमीटरची. मी दोन चाललो. बूट चावत होता हे खरं, पण परत फिरलो ते त्यासाठी नाही. आमच्या सहलीची बस सूर्यास्त दाखवायला निघणार होती, आणि तिथे वाइन मिळणार होती.

इथे आल्या आल्या दामले हजर. "झाली?"

"झाली."

"पूर्ण?"

"म्हणजे काय! हा पाय बघा."

त्यांनी टाचेवरचा फोड पाहिला आणि चक्क वाकून नमस्कार केला. मला पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही. मग हळूच म्हणाले, "दक्षिणेच्या अंगाला एक कुंड आहे. पाणी होतं त्यात?"

मी तिथवर पोचलोच नव्हतो. "भरलेलं होतं," म्हणालो.

दामले खुर्ची ओढून बसले. "ती म्हणायची, तुम्ही हिंडा तुमच्या खडकाभोवती, मी पाण्याशी बसते. हॉस्पिटलातसुद्धा तेच. या देशात जिकडेतिकडे पाणी, पण बाईला बसायचं होतं ते तिथेच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बसली असेल आता. बरं झालं तुम्ही गेलात."

मी मान डोलावली.

दामल्यांचे आठ किलोमीटर मी देणं लागतो. आणि त्याआधी, खरं काय ते.