खिडकी लावली आणि मी वारलो

या, जरा जवळ सरका. मागे उभे आहात ते तुम्हीही खुर्ची ओढून घ्या. मी मेलो कसा आणि मेल्यावर मला काय ऐकायला मिळालं, ती गोष्ट आज सांगतो. हसा खुशाल, पण शेवटी मी एक मागणार आहे, ते द्यायचं!

मी फिर्मां. उत्तरेकडचा, लिलजवळचा लोहार. जन्मभर घोड्यांना नाल ठोकले. आम्हा लोहारांचा पाठीराखा संत एलुआ, आणि त्याची जत्रा पाहावी तर दक्षिणेत, प्रोव्हान्समध्ये. त्यातही फादर ऑनोरांच्या गावची! हे फादर प्रवचनात संताचं चरित्र नुसतं सांगायचे नाहीत, गायचे! एका मित्राकडे त्या गाण्याची टेप ऐकली आणि माझी हातोडी हातातच राहिली. त्या वर्षी कळलं, फादर थकले; ही जत्रा झाली की वृद्ध पाद्र्यांच्या आश्रमात जाणार. ऐकायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही!

माझी बायको ओदिल म्हणाली, "जुलैचं ऊन आहे तिकडे. सोसेल का रे तुला?"

"ऊन? अगं, मी जन्म भट्टीपुढे काढला! माझं पोटसुद्धा भट्टीच आहे. दगड टाक, वितळेल!"

दगड वितळलाही असता हो. खरबूज वितळलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही त्या गावात खोल्या भाड्याने देणाऱ्या नोरीनबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर उतरलो. बाईंनी खरबुजं विहिरीत गार करायला सोडली होती. एक खाल्लं. त्याला सोबत म्हणून दुसरं खाल्लं.

"तिसऱ्याला हात लावलास तर बघ!" ओदिल म्हणाली.

तिने पाठ फिरवली आणि तिसरं गेलं! वर विहिरीचं गार पाणी. मग भर दुपारी खिडकी सताड उघडून उन्हातच ताणून दिली. आम्हा उत्तरेकडच्यांना सवयच तशी. आमच्याकडे ऊन पाहुण्यासारखं येतं. आलं की दारं उघडून आत घ्यायचं!

सकाळी उठलो तर पोटात अख्खी पागा टापा आपटत होती. अंगात ताप. बाहेर देवळाची घंटा.

"ओदिल, तू हो पुढे. जागा धर. मी आलोच."

"येतोस कसला! खरबुजाच्या सालीसारखा दिसतोयस!"

"मग तू तरी ऐक. आणि मला सगळं येऊन सांग. गाऊन सांग!"

ती डोळे पुसत गेली. हिचा आवाज म्हणजे न वंगणलेलं चाक, पण त्या दिवशी हिने माझ्यासाठी ते गाणंही पाठ केलं असतं. अशी बाई आहे ती!

मला झोप लागली. जाग आली तर खोलीत अंधार! खिडकीच्या लाकडी झडपा बंद. उशाशी मेणबत्ती जळतेय. शेजारी पाण्याची वाटी आणि वाटीत हिरवी डहाळी.

आता तुम्हाला सांगायला हवं, आमच्याकडे भर दिवसा झडपा लावतात त्या एकाच घरात, जिथे माणूस गेलेलं असतं. मेणबत्तीही त्याच्याच उशाशी. पवित्र पाण्याच्या वाटीत डहाळीही त्याच्याचसाठी. मी घाबरत घाबरत हनुवटी चाचपली. हनुवटी मढ्याची बांधतात तशी फडक्याने बांधलेली! डोक्यावर गाठ!

संपलं. गेलो मी.

खरं सांगतो, मरणाचं वाईट वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की प्रवचनाआधी गेलो! काय घाई होती?

इतक्यात खालून ढोल आणि बासरी ऐकू आली. घोड्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा झणकार आला. मिरवणूक आमच्याच गल्लीत शिरली होती. आणि अचानक एक किंकाळी!

"झडपा लावल्या! माझा फिर्मां गेला हो!"

ओदिलच ती! तीही उत्तरेचीच, तिने खालून खिडकी पाहिली आणि रस्त्यातच बसकण मारली. मी वर मनात म्हटलं, झालं! बायकोसुद्धा रडते आहे. आता तर शंकाच नको!

"असा माणूस होणार नाही!" ती हुंदके देत होती. "कधी मला टाकून बोलला नाही! कामाला वाघ होता! फादरांचं गाणं ऐकायला थेट लिलहून आला होता! फक्त ऐकत नव्हता मेला! सांगितलं होतं, तिसरं खाऊ नको!"

मला माझा फार अभिमान वाटला. तिसऱ्यापर्यंत.

मग सगळं शांत झालं. घोडीही थांबली. आणि फादर ऑनोरांचा आवाज आला, थकलेला, कापरा: "बाळ, रडू नकोस. तो ज्यासाठी एवढ्या लांबून आला, ते त्याला इथेच ऐकवू या."

आणि फादर गाऊ लागले! माझ्या खिडकीखाली, भर रस्त्यात! संत एलुआने बिथरलेल्या घोड्याचा पाय अलगद काढला, पायाला नाल ठोकला आणि पाय परत जोडला, तो प्रसंग. ढोलाने ताल धरला. सूर असा चढत गेला की मी झोपल्या झोपल्या मान डोलावू लागलो. आता पाय जुळणार, आता जुळणार, आणि फादरांचा आवाज फाटला. थांबलेच ते!

मला राहवेना! मेलो तर मेलो, पण गाणं असं अर्ध्यावर सोडवतं का? उठलो, झडपा धाडकन उघडल्या आणि ओरडलो, "वाहवा, फादर! घ्या, परत घ्या!"

खाली हाहाकार! दोन म्हाताऱ्यांनी गुडघे टेकले. एक घोडं गाडीसकट बेकरीत शिरलं. ओदिलने वर पाहिलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि पायातला बूट काढून माझ्या दिशेने भिरकावला.

"जिवंत आहेस? जिवंत राहून मला रडवतोस?"

माझ्या मागून नोरीनबाई खोलीत धावत आल्या. "अहो, ऊन आत येऊ नये म्हणून मी लावल्या झडपा! अंधारात दिसावं म्हणून मेणबत्ती, डास पळावेत म्हणून पाण्यात लॅव्हेंडरची डहाळी, आणि तापासाठी ठेवलेली ओली पट्टी घसरत होती म्हणून हनुवटीखालून बांधली! यात रडण्यासारखं काय?"

"झडपा मेल्याच्या घरी लावतात!" ओदिल खालून ओरडली.

नोरीनबाईंनी हात फिरवून गल्ली दाखवली. दोन्ही बाजूंना एकूण एक झडप बंद. "मग काय, अख्खी गल्ली मेली म्हणायची?"

ढोल वाजवणारा गावचा डॉक्टरच निघाला. ढोल खांद्यावर तसाच ठेवून वर आला, पोट दाबलं आणि म्हणाला, "खरबूज."

फादर मात्र खाली हसत उभे होते. "जन्मभर माझ्या प्रवचनाला जागी माणसं झोपली," ते म्हणाले. "मेलेला जागा झालेला हा पहिलाच!" मग त्यांनी खोल श्वास घेतला आणि घोड्याचा पाय जोडला. आवाज कापत होता, पण पाय असा जोडला की मी आणि ओदिल, ती खाली आणि मी वर, दोघंही पुन्हा रडलो.

पुढच्या महिन्यात ते आश्रमात गेले, आणि हिवाळ्यात देवाकडे.

तर आता माझं मागणं. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा फादर ऑनोरांची आठवण काढा. जमलं तर नोरीनबाईंचीही. माझं नाव तेवढं घेऊ नका. ओदिल ऐकेल, मी पुन्हा गेलो असं समजेल, आणि बूट आता एकच उरलाय.