देवळेकर सरांची ट्यूबलाइट

नेरूळला आमच्या सोसायटीच्या मागून हाय टेन्शनची लाइन जाते. दिवेलागणी झाली की देवळेकर सर तिच्याखाली जाऊन उभे राहायचे, हातात चार फुटी ट्यूबलाइट उभी धरून. ना वायर, ना होल्डर. आणि ती ट्यूब मिणमिण पेटायची! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरळ हात जोडले. सारसोळ्याची मासळीवाली मावशी पाटी घेऊन तिथूनच जायची, तिने वाट बदलली. मास्तर बरा हाय, पन ती नळी बरी नाय, असं तिने आमच्या हिला सांगितलं.

सर कॉलेजात जीवशास्त्राची प्रॅक्टिकल घ्यायचे. बाहेरून वीज लावली तर पेशीच्या पडद्यावरच्या व्होल्टेजचं काय होतं, हा त्यांचा जिवाभावाचा विषय, आणि तो ते कुठेही काढायचे. एकदा स्टेशनबाहेर पाणीपुरी खाताना पुरी बोटांत धरून म्हणाले, ही पेशी समजा. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये हा पापुद्रा. बाहेरून विजेचा दाब आला की पापुद्र्याच्या एका अंगाला व्होल्टेज वाढतं, समोरच्या अंगाला घटतं. ऐकता ऐकता माझ्या हातातली पुरी नरम होऊन शर्टावर फुटली. दाब फार झाला की पडद्याला अशीच भोकं पडतात, सर शांतपणे म्हणाले.

त्यांचं पालुपद एकच: "पेशीपर्यंत पोचतं किती?" मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाणी आलं नाही की वरच्या मजल्यावरचे माझा उद्धार करायचे, आणि सर माझ्या खांद्यावर हात ठेवून हेच विचारायचे. डोक्यात जायचा माणूस.

मग सोसायटीने ठरवलं, लाइन हलवा म्हणून अर्ज करायचा. अशा तारांनी कॅन्सर होतो म्हणे, असं जो तो बोलत होता. अर्जावर शिकलेल्या माणसाची सही हवी होती, आणि सरांच्या सहीइतकं वजन कुणाच्या सहीला? त्यांची सायली इथे राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी ब्लड कॅन्सरने गेली होती. नऊ वर्षांची पोर. माझ्या मुलीच्या बाकावर बसायची.

सरांनी भर मीटिंगमध्ये अर्ज वाचला, घडी घातली आणि नाही म्हणाले. तारेखाली ट्यूब पेटते हे खरं, पण तो दाब अंगात शिरता शिरता पार उतरतो. पेशीच्या पडद्यावर मुळातच सत्तर मिलिव्होल्ट असतात, त्यात या तारेची भर मोजण्याएवढीही नाही. बाकीच्यांचा वाद चालू दे, माझ्या हिशेबात हे बसत नाही, मी सही करणार नाही.

लोक भडकले. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. खुर्चीची ऐट म्हणा, मी बोलून गेलो, "सर, तुमची पोर गेली आणि तुम्ही तारेची वकिली करता?"

सर उठून गेले. अर्ज त्यांच्या सहीशिवायच गेला. मला काही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माफी मागायला तारेखाली गेलो. मी तोंड उघडायच्या आत सरच बोलायला लागले. त्यांना सारसोळ्याकडे तळमजल्यावरची जागा घ्यायची होती. हा फ्लॅट वहिनींनी हट्टाने घ्यायला लावला, खाडीचा वारा येतो म्हणून. सायली गेल्यापासून वहिनी गॅलरीत बसून त्या ताराच बघत होत्या.

"तार दोषी ठरली, तर आमची ही स्वतःला जन्मभर माफ करणार नाही," सर म्हणाले.

मग ही ट्यूब कशाला, मी विचारलं. पेटलेली बघून त्या जास्तच घाबरत असतील की.

"आकडे तिला पटत नाहीत, सेक्रेटरी. तारेत दम आहे हे तिला दिसतंच आहे. त्याच तारेखाली मी रोज अर्धा तास उभा राहतो आणि धडधाकट घरी येतो, ते पण दिसू दे." मग ट्यूब दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "हा काही पुरावा नव्हे. विद्यार्थ्याने लिहिला असता तर मी शून्य दिलं असतं."

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर वहिनी कठडा धरून उभ्या होत्या. मला स्वतःला त्या तारेची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण सरांचा हात अवघडलेला दिसला. मी ट्यूब माझ्या हातात घेतली, आणि अर्धा तास पुरा होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.