रांग नंबर सात, रोप नंबर चाळीस

"हे बघ पोरा, पाकीट कुणाचंही असो, फोडायचं नाही! जसं आलं तसं पोचवायचं!"

हा आवाज तात्यांच्या कानात अडतीस वर्षांपूर्वी शिरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. आवाज होता त्यांच्या पहिल्या पोस्टमास्तरांचा. टेबलावर शिक्का आपटावा तसा. पुढे तात्या पोस्टमन म्हणून निवृत्त झाले. सायकल गेली, खाकी गेली, गुडघेही निम्मे गेले. आवाज मात्र जागचा हलला नाही.

असा सरळ माणूस मिळाल्यावर गावानं त्याला वनसमितीचा अध्यक्ष केलं नसतं तरच नवल!

गावामागे एक बोडकी टेकडी होती आणि टेकडीपलीकडे जुनं जंगल. गावाचा ओढा त्या जंगलातून यायचा, सरपण तिथलं, आणि दुपारी दारात येणारा गार वारासुद्धा तिथूनच निघालेला. वनखात्यानं अट घातली, "आधी टेकडी हिरवी करून दाखवा. दहा रांगा, रांगेत चाळीस रोपं. दहाच्या दहा रांगा तगल्या तर जंगल राखायला गावाच्या हाती. एक जरी रांग मेली, तर जंगलाला तारेचं कुंपण!" म्हणजे गावानं आपलंच जंगल तारेच्या भोकातून बघायचं.

लागवडीच्या दिवशी एकेका घरानं एकेक रांग घेतली. सातवी तात्यांची, आठवी टेलरमामांची. मामा गावातले एकुलते एक शिंपी आणि समितीचे सचिव. बाकीचे लोक वाकून वाकून दहा-बारा रोपांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात तात्या हात झटकून उभे!

"झाली चाळीस?" मामांचे डोळे चष्म्याबाहेर आले.

"दीड तासात! मुळाला वारासुद्धा लागू दिला नाही. आणि ऐका मामा, सगळ्यांच्या देखत सांगतो. माझ्या रांगेतलं एक जरी रोप गेलं, तर अध्यक्षपद सोडेन आणि वर्षभर डोक्यावर घागर घेऊन तुमच्या रांगेला पाणी घालेन!"

तात्यांची बायको बाजूलाच पाणी घालत होती. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा रोपाकडे बघितलं, आणि झारी जरा जास्तच वेळ धरून ठेवली.

महिनाभर सगळं ठीक होतं. मग सातव्या रांगेची पानं जराशी पिवळी पडली. आणि एका संध्याकाळी तात्यांना दिसलं, की रांगेतल्या पहिल्या दोन रोपांभोवतीची माती ताजी उकरलेली आहे!

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या रोपाभोवती. तिसऱ्या दिवशी पाचव्या, सहाव्या!

तात्यांच्या मनात संशयाचा पहिला कोंब फुटला. आणि खरं सांगायचं, तर त्या टेकडीवर इतक्या जोमानं दुसरं काहीच वाढलं नव्हतं.

"कुणीतरी माझी रोपं बदलतंय," घरी येऊन ते म्हणाले.

"रोपं कोण बदलेल?" बायको कपडे घडी करत म्हणाली.

"ज्याला मी वर्षभर घागर वाहावी असं वाटतं तो!"

त्यांनी प्रत्येक रोपाला लाल दोरा बांधला. दुसऱ्या संध्याकाळी सातव्या-आठव्या रोपांचे दोरे जिथल्या तिथे, पण माती उकरलेली! म्हणजे रोप तेच. मग उकरायचं कशाला? विष! दुसरं काय? तात्या पालथे पडून माती हुंगू लागले. तिथे त्यांना काळ्या प्लॅस्टिकचे चार तुकडे सापडले. त्यांचाही वास घेतला. मातीचा वास आला.

"बघा किती हुशार!" तात्या स्वतःशी म्हणाले. "विष मातीत कालवून आणलंय!"

पण त्याहून मोठा पुरावा वेगळाच होता. तुकड्यांच्या कडा सरळ होत्या. एका रेषेत, कुठे दाते नाहीत, कुठे अडखळ नाही. अशी कात्री गावात एकाच माणसाची!

तात्या तडक दुकानात गेले. मामा मशीनवर बसून काहीतरी हिरवं शिवत होते. तात्यांना बघताच त्यांनी ते हिरवं मांडीखाली सरकवलं. कुणाचा सदरा इतका लाजाळू असतो?

"मामा, तुमची मोठी कात्री दाखवा."

"मोठी होय? ती वहिनींनी नेलीय. झाले की चार दिवस."

"कोण वहिनी?"

"अहो, तुमच्याच!"

घरचीच फितूर! त्या रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कात्री कशाला आणलीस गं?"

"कापायला."

"काय कापायला?"

"अडलेलं," ती म्हणाली आणि भांडी गोळा करून आत गेली. आतून तिचं गुणगुणणं ऐकू आलं:

"सोड गं गाठ बाई, मोकळे कर पाय,
बाहेर उभी कधीची माती नावाची माय…"

लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण हे गाणं तात्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते जुन्या पावतीमागे लिहून घेतलं, उलटं वाचून बघितलं, एक अक्षर सोडून एक वाचून बघितलं. निरोप काही हाती लागला नाही. इतका पक्का सांकेतिक निरोप त्यांनी उभ्या नोकरीत बघितला नव्हता!

दरम्यान मामांची आठवी रांग मात्र हिरवीगार! चकचकीत! वारा आला तरी पानं हलल्यासारखी दिसत नव्हती, जणू शिस्तीत उभी. तात्या जवळ जाऊन बघणार, तोच मामा धावत यायचे, "तात्या, पाय पडेल! लांबून बघा, लांबून छान दिसतात!"

तिसरा आठवडा लागला. मामा चार दिवसांसाठी लेकीकडे गेले. तरी उकराउकरी चालूच! कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, मामा निर्दोष. तात्या म्हणाले, "बघितलंत? आपल्यावर संशय येऊ नये म्हणून मुद्दाम गेला!"

मामा गेले त्याच दिवशी वनखात्याचं पाकीट आलं. वर लिहिलेलं, 'सचिव, वनसमिती'. नव्या पोस्टमननं ते मामांचं दुकान बंद बघून तात्यांच्या हाती दिलं. तात्यांनी ते उजेडात धरलं. हलवून बघितलं. आत काय शिजतंय हे कळायला जीव तडफडत होता. पण पाकीट सचिवांच्या नावाचं! तात्यांनी ते खिशात ठेवलं. चार दिवस ठेवलं. आंघोळीला जाताना बायकोला बजावलं, "हात लावू नकोस. कुणाचं आहे ते माहीत आहे ना?"

"मी कशाला लावू?" ती म्हणाली. "तुमच्यासारखी शिस्त मला पण आहे की." आणि तोंडाला पदर लावून चुलीकडे वळली.

चौथ्या दिवशी अडतीस रोपं उकरून झाली होती. शिल्लक दोन. गुन्हेगार आज येणारच! तात्यांनी सकाळीच चाळिसाव्या रोपाला खेटून कमरेइतका खड्डा खणला, वर काटक्या पसरल्या, काटक्यांवर पाला. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून मिळालेली टपालाची गोणी घेतली, शिट्टी घेतली, आणि पाण्याच्या टाकीमागे दबा धरला.

एक गोष्ट मात्र ते विसरले. दोन ते चार त्यांची झोपेची वेळ! ही वेळ साऱ्या गावाला ठाऊक होती, गुन्हेगारालाही. दोनच्या ठोक्याला तात्यांची मान छातीवर पडली.

धप्प!

"सापडला!" तात्या झोपेतच उठले, धावले, आणि खड्ड्यातल्या डोक्यावर गोणी टाकून तिचं तोंड आवळलं. मग शिट्टी! अशी शिट्टी, की शाळा सुटली, दळण थांबलं, आणि गाव टेकडीवर गोळा झालं. सगळ्यांत पुढे धापा टाकत, हातात प्रवासाची पिशवी घेऊन कोण? टेलरमामा!

तात्यांनी मामांकडे बघितलं. मग गोणीकडे बघितलं. मग पुन्हा मामांकडे.

"तुम्ही इथे, मग आत कोण?"

"मी तपासणी अधिकारी आहे!" गोणीतून बाईंचा आवाज आला. "आणि हे तुम्हाला फार महागात पडणार आहे!"

गाव गारठलं. गोणी सुटली. आतून चष्मा एका कानावर लटकलेल्या बाई प्रकट झाल्या. कुणी पाणी आणलं, कुणी हात दिला. पण बाई वर येईनात. त्या खड्ड्याच्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे चाळिसाव्या रोपाचं बूड उघडं पडलं होतं.

"हे काय आहे?"

"रोप आहे, मॅडम," तात्या अदबीनं म्हणाले.

"ते कळतंय. ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट का लावलंय?"

"मग काय पिशवी फोडून लावायचं?" तात्या हसले. "अहो, पस्तीस वर्षं नोकरी केलीय मी. माल जसा आला तसा पोचवला! सील तुटू दिलं नाही!"

टेकडीवर असा शुकशुकाट झाला, की मुंगी चालली असती तरी चप्पल वाजली असती. मग कुणीतरी मागे फसकन हसलं, आणि ते हसू नऊ रांगा ओलांडून गेलं. तात्यांचा चेहरा पडत पडत खड्ड्याच्या तळाशी गेला.

"चाळीसच्या चाळीस पिशवीत?" बाईंनी वही उघडली. "मग ही रांग गेलीच म्हणायची. मुळं आतल्या आत गोल फिरून मरतात. दहातली एक गेली, म्हणजे…"

"गेली नाही."

तात्यांची बायको गर्दीतून पुढे आली. कमरेला खुरपं, हातात मामांची कात्री.

"अडतीस मी मोकळी केलीत. हे झोपले, की रोज दुपारी दोन-दोन रोपं. दोन राहिलीत, ती आज करायची होती. पण ह्यांनी आज इथंच अंथरूण टाकलेलं."

"तू?" तात्या कात्रीकडे बघत म्हणाले. "आणि मला बोलली नाहीस?"

"तुमच्या त्या घागरीच्या बढाईवर सगळं गाव कान लावून होतं. मी काय बोलणार?"

बाई खड्ड्यातून वर आल्या आणि त्यांनी वाकून पाचवं रोप तपासलं. पानामागून कोवळा, लालसर कोंब येत होता. त्यांच्या कपाळाची एक आठी कमी झाली. मातीनं भरलेले हात पुसायला म्हणून त्यांनी आठव्या रांगेतलं एक पान धरलं, आणि ते पान हातात आलं. त्यांनी ते उलटं केलं. कडेला बारीक, सुबक टीप घातलेली होती.

"सचिव कोण आहेत?" बाई अगदी हळू विचारत्या झाल्या.

मामांनी प्रवासाची पिशवी छातीशी धरली. ती अर्धवट उघडी होती. आतून हिरवं कापड डोकावत होतं.

"मॅडम, तात्या दीड तासात उठले ना… मी म्हटलं, अध्यक्ष आहेत, त्यांना माहीत असणार. मीही तसंच लावलं. मग पानं गळाली. गावाचं जंगल माझ्यापायी जायला नको म्हणून रोज थोडी थोडी शिवत होतो." त्यांनी डोकावणारं कापड आत ढकललं. "चारशे वीस पानं झाली होती!"

आता हसायचं कुणालाच सुचलं नाही. एक रांग जिवंत, पण एक कापडाची! जंगल हातचं चाललं होतं.

"तुम्हाला तपासणीचं पत्र पाठवलं होतं," बाई म्हणाल्या. "तरी ही तयारी?"

"पत्र?" मामा म्हणाले. "मला नाही आलं."

तात्यांनी खिशात हात घातला. घामानं मऊ झालेलं, पण चारी बाजूंनी बंद पाकीट काढलं आणि मामांपुढे धरलं. "तुमच्या नावाचं होतं. मी फोडलं नाही."

बाईंनी पाकीट उलटसुलट बघितलं. मग तात्यांकडे बघितलं. मग, कपाळाला चिकटलेला पाला काढता काढता, त्या पहिल्यांदाच हसल्या.

"म्हणजे समितीला सूचना मिळालीच नाही. सूचनेशिवाय केलेली तपासणी धरत नाहीत. महिन्यानं येते." त्यांनी वही मिटली. "पुढचं पत्र मात्र फोडा! आणि तो खड्डा बुजवा!"

दुसऱ्या दुपारी, बरोबर दोन वाजता, तात्या आठव्या रांगेत बसले होते. पलीकडे मामा आपली हिरवी पानं टाके उसवून काढत होते. काही मुळं अजून पांढरी होती, जगण्यासारखी. बायकोनं पहिल्या रोपाची माती सैल केली आणि कात्री नवऱ्यापुढे धरली.

तात्यांनी कात्री घेतली, पण पिशवीला लावली नाही.

"फोडा की," ती म्हणाली. "पोचलंय ते आता. त्याच्याच पत्त्यावर आहे."

त्यांनी पिशवी कापली. आत मुळं पायांत पाय घालून बसली होती. तात्यांनी ती बोटांनी हळूहळू सोडवली, रोप मातीत टेकवलं, आणि मान खाली घालूनच म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. एक पाकीट फोडलं होतं मी. नोकरीत एकदाच."

"कुणाचं?"

"तुझं. लग्न ठरायच्या आधी तू मैत्रिणीला लिहिलेलं. माझ्याच फेरीतल्या टपालपेटीत पडलं होतं. मला संशय आला, की ही नकार कळवतेय. तर आत लिहिलेलं, 'माणूस सरळ दिसतो. कुणाचं पत्र फोडून वाचणार नाही असा.'" तात्यांनी रोपाभोवतीची माती दाबली. "त्यानंतर फोडायची हिंमतच झाली नाही. सगळे म्हणतात मास्तरांची शिस्त. शिस्त कसली, लाज!"

ती मातीवर पाणी घालत होती. धार जराही हलली नाही.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पाकीट पिठाच्या खळीनं चिकटवलं होतंत तुम्ही. मैत्रिणीनं उलट टपाली कळवलं, की तुझं पत्र कुणीतरी फोडलंय, जपून राहा." तिनं झारी पुढच्या रोपाकडे वळवली. "ते पत्र मला तुम्हीच आणून दिलं होतंत. न फोडता!"