सासूबाईंचा कोट

"यंदा स्लावाला तुझी आई कोट काढून जेवेल, नाहीतर झिवादिन हे नाव टाकीन मी!"

सर्बियातल्या उझित्सेच्या टेकडीवरल्या आमच्या गल्लीत ही गर्जना तीन घरं पलीकडे ऐकू आली. तेव्हा घरातलं काही गल्लीपासून लपतच नसे. झिवादिनची जखमही सगळ्यांना ठाऊक होती. आदल्या जानेवारीत त्याच्या घरच्या संताच्या सणाला, म्हणजे स्लावाला, सासूबाई स्तामेंका अख्खं जेवण लोकरी कोटात जेवल्या होत्या आणि वर्षभर बाजारात सांगत फिरल्या, "जावयाकडे मेजवानी छानच असते हो! फक्त हातमोजे घेऊन जा!"

"नळकारागीर ओब्रादला बोलवा ना," बायको देसांका म्हणाली.

"कशाला? अगं, ही पंगत आहे पंगत! बॉयलरजवळच्या हावरट रेडिएटरांनी सगळा रस्सा ओरपला, तर शेवटच्या पानावर काय पडणार? जवळच्यांचा हात आखडायचा, की गरम पाणी आपोआप टोकापर्यंत पोचतं!"

शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, पण जीव सगळा पान्या-पकडीत. घरात आठ रेडिएटर. स्वयंपाकघर म्हणजे भट्टी, बैठक कोमट, मागची खोली थेट सैबेरिया. आठ दिवस तो जमिनीवर पालथा पडून होता. खालची चावी पाव फेरा आवळायची, अर्धा तास थांबायचं, रेडिएटरला हात लावायचा, वहीत लिहायचं. तिसऱ्या दिवशी हात जरा जास्तच आखडला, तर देसांका स्वयंपाकघरात कानटोपी घालून कोबीच्या पानात खिमा वळत बसली!

सणाच्या सकाळी त्याने स्वयंपाकघरातली चावी शेवटचा पाव फेरा आवळली. नळांत गुडगुड झाली. तासाभराने मागच्या खोलीचं दार बोटभर उघडून त्याने समोरच्या भिंतीवरचा पारा पाहिला. आत जायला देसांकाची सक्त मनाई होती.

"सव्वीस! देसांका, मागच्या खोलीतसुद्धा सव्वीस!"

"बरं बरं," देसांका म्हणाली. अकरा वर्षांत अशा घोषणा तिने पुष्कळ ऐकल्या होत्या. पण मग तिच्या हातातली पळी थांबली. "कुठल्या खोलीत म्हणालात?"

मागची खोली! दर हिवाळ्यात तिचं शीतकपाट तेच! डुकराच्या पायांचा लसूण घातलेला रस्सा जेलीसारखा थिजवायला कालच तीस बशा तिथे मांडल्या होत्या. पलंगावर, कपाटावर, थेट रेडिएटरवरसुद्धा! झिवादिनची नजर पाऱ्यावर. खाली कोण बघतो!

"अहो, सगळ्याचं पाणी झालं!"

"म्हणजे गरम पाणी शेवटपर्यंत पोचलं!" झिवादिन आनंदाने ओरडला.

देसांकाने पळी उगारली. बशा बाहेर बर्फात न्याव्यात, तर अंगणात ओब्रादचा कुत्रा आधीच पाट मांडून बसलेला. तेवढ्यात दारावर थाप! स्लावाला आमंत्रण लागत नाही. ज्याला सण आठवतो तो येतो, आणि आठवत सगळ्यांनाच असतो.

पाहुण्यांचे कोट उतरले, मग जाकिटं. ओब्राद तर बनियनवर आला. संताची मेणबत्तीसुद्धा कमरेत वाकली.

"झिवादिन, पाय धरतो, खिडकी उघड!" ओब्राद म्हणाला.

"वाऱ्याचा झोत लागेल, मान आखडेल!" बारा जण एका सुरात ओरडले. खिडकी बंदच राहिली.

आणि सासूबाई? गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेल्या. चेहरा बिटासारखा लाल.

"आई, उकडत नाही का?" झिवादिनने मधाळ आवाजात विचारलं.

"आम्हा म्हाताऱ्यांना गारठा लवकर कळतो, जावईबापू."

आठ दिवस, आठ रेडिएटर, आणि ही एक बाई!

तिकडे देसांकाने निरुपायाने तो रस्सा उकळला आणि वाट्यांतून सूप म्हणून फिरवला. सासूबाईंनी एक वाटी प्यायली. दुसरी प्यायली. मग उभ्या राहिल्या. एक बटण... दोन... पाच... कोट खुर्चीवर!

टाळ्या! झिवादिन खुर्चीवर चढला. ओब्रादने त्याच्या नावाने ग्लास उंचावला. लढाई जिंकली होती!

"देसांका," सासूबाई कपाळ पुसत म्हणाल्या, "काय सूप केलंस गं! आत्ता कुठे अंगात ऊब आली. नवऱ्याच्या त्या लोखंडाने काय होणार होतं!"

झिवादिन खुर्चीवरून उतरला नाही. तिथूनच त्याने वही मागवली आणि लिहिलं: दोन वाजून वीस मिनिटं. कोट निघाला.

कारणाचा रकाना मात्र त्याने कोराच ठेवला.