इटलीच्या गाडीवर गुलाल

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता भोरचे मानसिंगराव कापूरहोळच्या फाट्यावर जीपमधून उतरले, विकायला ठेवलेल्या गाडीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि ते परत जीपकडे वळले.

सावळाराम मिस्त्रीच्या हातातला पाना हातातच राहिला. मानसिंगराव गाडी घेणार, हे तो सोमवारपासून फाट्यावर छातीठोकपणे सांगत होता. त्यांची भोरला भाताची गिरणी होती, दारात शर्यतीच्या बैलांची जोडी होती, आणि देखण्या वस्तूपुढे हा माणूस विरघळतो असा लौकिक होता.

आणि वस्तू देखणी होतीच. इटलीत बनलेली, दोनच माणसांची, घडीचा टप मागं सारला की डोक्यावर थेट आभाळ. रंग सायीचा. उभी असली तरी निघाल्यासारखी दिसायची. महाबळेश्वरला निघालेल्या मुंबईच्या एका साहेबांची ती फाट्यावर बंद पडली आणि साहेब वैतागून टॅक्सीनं पुढे गेले. जाताना सांगून गेले, शनिवारपर्यंत गिऱ्हाईक मिळालं तर वीक, नाहीतर ट्रक पाठवतो, कुर्ल्याला भंगारात जाईल. जन्मभर ट्रकखाली पाठीवर झोपलेल्या सावळारामनं ते इंजिन दुरुस्त केलं. सुरू केलं तेव्हा ढाब्यावरचे लोक भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत बसले. असं इंजिन हातोड्यानं फुटणार, या विचारानं त्याला जेवण जाईना.

म्हणूनच त्यानं मंगळवारी डोकं लढवलं. कामथडीच्या कोंडिबांचा पोरगा ज्ञानू कुस्ती मारून आला होता. त्याची मिरवणूक या गाडीतून काढली तर सगळा रस्ता गाडी बघेल! मिरवणूक झालीही झकास. ज्ञानू मागं सारलेल्या टपावर बसला, त्याच्या वजनानं गाडीचं नाक वर आलं, आणि गावानं पोत्यानं गुलाल उधळला. बुधवारी मिस्त्रीच्या बायकोनं, साळूबाईनं बजावलं, कोरड्या फडक्यानं झाडा. मिस्त्रीनं बादलीभर पाणी ओतलं. सायीची गाडी नवरदेवाच्या फेट्यासारखी गुलाबी झाली.

"रावसाहेब, बघून तरी जावा की," सावळाराम जीपमागं धावला.

"गुलाल पडलाय तिच्यावर."

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बैलबाजारात सौदा पटला की जनावराच्या पाठीवर गुलाल टाकतात. त्यानंतर त्या बैलाची किंमत विचारणं म्हणजे सुपारी फुटलेल्या पोरीला मागणी घालणं.

"त्यो मिरवणुकीचा हाय. इकली न्हाई अजून."

"मिरवणुकीत बसलं कोण?"

"कोंडिबांचा ज्ञानू."

"मग कोंडिबांची झाली. दोघांना झुलवून भाव चढवायचा धंदा माझ्याशी नको, मिस्त्री."

जीप गेली. सावळारामनं सायकल काढली आणि तडक कामथडी गाठली. कोंडिबांनी एकदा चारचौघांत नाही म्हटलं की काम झालं.

पण कोंडिबांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं गाव गाडीबद्दल अभिनंदनाला आलं होतं आणि घरधनीण रतनबाई दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवत होत्या. कोंडिबांनी मिस्त्रीला गोठ्यामागं नेलं. ज्ञानूचा खुराक ऐकून आजवर सोयरे ओढ्यापलीकडूनच परत जात होते, आणि आज गाडीची बातमी ऐकून वेल्ह्याचा एक बरा माणूस, लग्नाच्या मुलीचा बाप, मुक्कामाला आला होता.

"तात्या, शनवारी टरक येतोय. भंगारात जाईल ती."

"अशी गाडी भंगारात?" कोंडिबांना मनापासून वाईट वाटलं. "पन म्या आता न्हाई कसं म्हनू? म्या व्हय तरी कुठं म्हनलो हुतो? पावना जाऊस्तवर गप ऱ्हा."

शुक्रवारी दुपारी एसटीच्या कंडक्टरनं खबर आणली, मानसिंगराव कामथडीला गेलेत. त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती म्हणे. ते रीतीनं वागणारे होते. घेणाऱ्यालाच जाऊन विचारायचं, सोडतोस का, असं त्यांनी ठरवलं होतं.

सावळाराम घामाघूम होऊन पोचला तेव्हा पडवीत घोंगडं अंथरलेलं होतं. त्यावर मानसिंगराव आणि कोंडिबा समोरासमोर, दोघांचे हात एका उपरण्याखाली. सौदा बोटांवर चालला होता, म्हणजे मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. शेजारी वेल्ह्याचा पाहुणा मांडी घालून बसला होता, आणि होणाऱ्या व्याह्याची ऐट बघून त्याच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. सावळारामला फक्त उपरणं हलताना दिसत होतं.

मानसिंगरावांनी तीनदा बोटं दाबून भाव चढवला. कोंडिबांनी तीनदा मान हलवली.

"मन हुईना, रावसाहेब," ते म्हणाले. "लई जीव हाय तिच्यावर."

शुक्रवारी दिवस मावळेपर्यंतची खबर अशी : ट्रक मुंबईहून निघाला आहे, गाडी कापूरहोळला उभी आहे, मानसिंगरावांनी बोटं वाढवली आहेत, आणि कोंडिबांनी अजून होकार दिलेला नाही.