सपाट का शिगोशीग?

आमच्या शेजारचे दामूअण्णा कशाचंही माप ऐकलं की आधी विचारत, "सपाट का शिगोशीग?" वैद्यांनी चमचाभर चूर्ण सांगितलं तरी हेच, आणि जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात मुरमुरे मापणाऱ्या बाईलाही हेच. तहसील कचेरीतून अण्णा निवृत्त झाले, त्यांची माप चुकण्याची धास्ती काही झाली नाही.

त्यात लोडशेडिंगच्या त्या वर्षांत त्यांच्या मुलानं, सुनीलनं, जपानहून मित्राबरोबर माचाचा डबा पाठवला. माचा म्हणजे तिकडच्या चहाच्या पानांची हिरवीगार पूड. आमच्या हिला ती मेंदीच वाटली. सुनील तिकडे रोज सकाळी तेच पितो, आणि दिवाळीला तो घरी येणार होता.

"गेल्या खेपेला दोन दिसांत परत गेलं पोरगं," अण्णा म्हणाले. "आपला दुधाचा चहा सोसला न्हाई त्याला. आता त्याचंच पेय घरात असल्यावर कशाला जाईल?"

हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. काकू, म्हणजे सुनीलची आई, वारल्यानंतरची त्याची ती पहिलीच खेप होती, याचा हिशेब त्यात नव्हता.

सुनीलनं फोनवर सांगितलं, अर्धा चमचा घ्यायचा, गाळून, कोमट पाण्यात घुसळायचा. अण्णांचा प्रश्न ठरलेलाच. शिवाय चमचा कोणता, पोह्याचा का लोणच्याचा? सवय व्हावी म्हणून त्यांनी डबा उघडला, मैद्याच्या चाळणीनं पूड चाळली, ताकाच्या छोट्या रवीनं घुसळली आणि मला पाजली. उकडलेली मेथी प्यायल्यासारखं वाटलं.

"बराबर झालं का?" अण्णांनी विचारलं. बराबर कशाला म्हणतात हे मला तरी कुठं ठाऊक होतं! मी मान डोलावली.

मग साठवणीचा घोर लागला. उजेड नको, म्हणून डबा काळ्या फडक्यात. गरमी नको, म्हणून फ्रिजमध्ये. पण वीज दिवसचा दिवस गायब. म्हणून माठाच्या बुडाशी ठेवला, तर ओल लागेल म्हणून जीव खालीवर. दर तासाला झाकण उघडून रंग बघत आणि म्हणत, "हवा लागून राहिली का हो याला?"

सुनील येणार त्याच्या आदल्या दिवशी मी डब्याला नाक लावलं आणि चपापलो.

"अण्णा, हिंगाचा वास येतोय."

"येणारच की. खडा घातलाय. आमची ही दरसाल तिखटात घालायची, कधी जाळं लागलं न्हाई." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "काहून? हिंग चालत न्हाई याला?"

त्यांनी घाईघाईनं खडा काढला, पूड परातीत पसरली, विंझणा घातला. हिंग का असा जातो! "आता त्यो उद्याच परत जाईल," असं म्हणत ते मटकन बसले. मला हसू येईना.

सकाळी सुनील आला. अण्णांनी पेला पुढं केला. सुनीलनं तोंडाला लावला आणि थबकला. पुन्हा हुंगला.

"हिंग?"

"फेकून दे बाबा. चुकलं माझं."

सुनीलनं पेला सोडला नाही. पेल्यात बघतच तो म्हणाला, "आईच्या तिखटाच्या बरणीचा वास येऊन राहिला." आणखी एक घोट घेऊन म्हणाला, "गेल्या खेपेला घरात हा वासच नव्हता, अण्णा. मला बसवेना."

मी उगाच रवी धुवायला उठलो.

त्या खेपेला सुनील देवदिवाळीपर्यंत राहिला. निघताना त्यानं एक रिकामी बाटली अण्णांपुढं ठेवली. "उरलेला माचा मला बांधून द्या."

"अरे, तिथं चांगला मिळतो की!"

"तिथं हिंगाचा मिळत न्हाई."

अण्णांनी चमचा हातात घेतला, पण डोळे भरल्यामुळं त्यांना बाटलीचं तोंड दिसेना.

"सपाट का शिगोशीग?"

"शिगोशीग," सुनील म्हणाला.